नळीत कोंबलेला बोळा

रहीमभाऊ, सलाम.

तुम्हांला जाऊन चाळीस दिवस झाले, आज तुमचा चाळिसावा झाला. भाभींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. खोलीवर आले ती कागद घेऊनच बसले. तीन वर्षं तुम्ही रोज समोर होतात, दवाखान्याची गाडी चालवत होतात, मी नर्स म्हणून सोबत असायचे, तेव्हा बोलायचं ते मी बोलले नाही. आता लिहितेय. हसू नका!

केवढी लहरी गाडी होती ती! जमीनदारांनी दवाखान्याला देऊन टाकलेली जुनी विलायती मोटार, इंजिनात जोरानं हवा भरणारा तिचा तो ब्लोअर. तुम्हीच त्याला जिवंत ठेवलंत. पोंभुर्ण्याहून अडलेली बाई चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची, तर चढावर तिच्यासारखी ओढणारी दुसरी गाडी नव्हती.

पण तेलाचा तो वास! इंजिनाच्या पोटातून एक नळी खाली उतरायची, तिच्यातून धूर निघायचा, थेंब गळायचे. आधीच कळा देणाऱ्या बाया ओकून बेजार. मी किती कटकट केली तुमच्यामागे! तुम्ही म्हणायचात, "राहू द्या बाई. थे नळी हाये म्हणून इंजन हाये."

मी ऐकलं का? तुम्ही जेवायला गेलात आणि मी गाडीखाली वाकून नळीच्या तोंडात कापसाचा, बँडेजचा बोळा घट्ट कोंबला. थेंब थांबले. काय आनंद झाला मला!

दुसऱ्याच दिवशी सोमी आली. पहिलटकरीण, मूल आडवं. जंगलातल्या चढावर गाडीनं जोर धरला आणि समोरून धूरच धूर. तुम्ही झाकण उघडलंत. तेल मोजायची सळई उडून पडली होती, त्या भोकातून तेल उसळून तापलेल्या लोखंडावर पडत होतं. सोमीची सासू रडायला लागली, "आता इथीच होते का वो बाई?"

तुम्ही गाडीखाली शिरलात. फुस्स करून आवाज झाला. बाहेर आलात तेव्हा मुठीत काळा झालेला बोळा होता. माझ्याकडे एकदाच पाहिलंत आणि तो खिशात टाकलात. सळई बसवलीत, डब्यातलं तेल ओतलंत, आणि हळूहळू चांदा गाठलात. सोमी वाचली. तिची पोरगीही वाचली. भाऊ, त्या दोघींचे प्राण तुम्ही राखलेत, आणि माझेही!

येताना शांतपणे समजावलंत. "ब्लोअर वरून हवा कोंबते, बाई. थोडी पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतेच. तिले बाहेर जाले वाट नाई देली, तं थे तेल घेऊनच कुठूनबी फुटते." बस्, एवढंच. एक वावगा शब्द नाही!

दवाखान्यात मात्र डॉक्टरसाहेबांनी ओसरीवर सगळ्यांसमोर गाडी वाटेत का अडली ते विचारलं, आणि तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "नळी चोंदली होती साहेब. माह्या ध्यानात नाई आलं." महिनाभर गाडी काढून घेतली तुमची. मी थर्मामीटर धुवत उभी होते.

नंतर मी विचारलं, "खोटं काऊन बोलले भाऊ?"

"कापूस कोनाचा बी असन, गाडी माही होती. निंघाच्या आधी खाली पाहाचं काम कोनाचं?"

असं कोणी बोलतं का? चार शिव्या दिल्या असत्यात तर मी मोकळी झाले असते हो! उलट गाडी परत मिळाल्यावर तुम्ही काय केलंत? नळीला रबरी पाइप जोडून तो एका तुपाच्या डब्यात सोडलात, डब्यात तारेची जाळी बसवलीत. तेल तळाशी साचायचं, हवा वरून मागच्या बाजूला निघून जायची. वासही गेला. माझी तक्रार खरी होती, हे तुम्ही तेवढं ध्यानात ठेवलंत.

आज जेवणं झाल्यावर डॉक्टरसाहेब भाभींना म्हणाले, "इतक्या वर्षांत एकच चूक झाली त्यांच्या हातून." भाभींनी मान डोलावली. मी ताटं उचलत राहिले, तेव्हाही खरं सांगितलं नाही. काय म्हणावं मला?

उद्या सकाळी भाभींना दवाखान्यात बोलावलंय. ज्या ओसरीवर तुम्हांला बोलणी बसली, तिथंच, डॉक्टरसाहेबांसमोर, सगळ्यांच्या देखत सांगणार आहे की तो बोळा माझा होता. आवाज कापला तरी सांगेन. शब्द देते, भाऊ.

तुमच्या उपकारात राहणारी,
दवाखान्यातली शांताबाई