सातव्या गाण्यातला खोकला

चि. ढब्बूस,

आबाचे आशीर्वाद, पण आधी माफी.

तुम्हा पाच पोरांचा दुसरा अल्बम धडाक्यात खपतोय, असं सलूनवाला सांगतो. पहिल्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून या वेळी मी जीव मुठीत धरून होतो. त्यात सातवं गाणं तू माझ्या शिवणाच्या खोलीत रेकॉर्ड केलंस. मी मशीन थांबवलं, पंखा बंद केला, तोंडावर अस्तराचं कापड दाबून बसलो. तरी शेवटच्या ओळीआधी खोकलोच. तू म्हणालास, "असू दे, आबा." मला वाटलं, नंतर पुसून टाकशील.

सलूनमध्ये तो खोकला स्वच्छ ऐकू आला, तेव्हा अर्ध्या दाढीनिशी मी खुर्चीतून उठलो. कंपनीने यावरून तुला काढलं तर? तेव्हापासून घास गिळवत नाही.

वरचं कालचं आहे. आज न राहवून सलूनवाल्याला खरं सांगितलं. तो हसतच सुटला. "अहो टेलरकाका, ते तुम्ही होय! माझी लेक कार्यक्रमाला गेली होती. त्या ओळीआधी तुमचा नातू गप्प उभा राहतो, आणि समोरची हजारो पोरं एकदम खोकतात!"

मग आता माफी कसली! पत्र टाकत नाही, बटणांच्या डब्यात ठेवतो. पण ढब्बू, डॉक्टरांच्या औषधाने माझा खोकला पार गेला रे. तिसऱ्या अल्बमला लागला तर काय करायचं?

काळजीने अर्धा झालेला,
तुझा आबा