राघूला हळद लागली

आई, राघू अजून जिवंत आहे. हे आधी सांगते, कारण तू पहिलं त्याचंच विचारशील, माझं नंतर. वादळात उसात पडलेलं ते पंख मोडलेलं पिल्लू तू पदरात घालून आणलंस, तेव्हा ते तुझ्यामागं इतकी वर्षं काढील असं कोणाला वाटलं होतं? तू गेल्यावर तो श्रीगोंद्याहून माझ्याकडे सुप्याला आला, पिंजऱ्यासकट, आणि तेव्हापासून रोज सकाळी त्याची घाण मी काढते. खरं सांगते, कंटाळा आलाय. लेकीचं लग्न जमवायचंय, ह्यांची कंपनीत रात्रपाळी असते, आणि त्यात हा म्हातारा.

हिवाळ्यापासून त्याचं रूप बदलायला लागलं. चोच वाढून वाकडी झाली. पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसायचा, शिट्टी बंद. आणि हिरव्या पाठीवर पिवळी पिसं दिसायला लागली, आधी दोन-चार, मग पंखावरही. शेजारीण साखर मागायला आली होती, ती पिंजऱ्यापाशी थांबून म्हणाली, "राघूला हळद लागली की तुमच्या. पोरीचं जमतंय बघा आता." मी साखरेची वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. तुझंच वाक्य होतं ते.

माझ्या लग्नाआधीचं ते दिसतं अजून: तू चुलीपुढं बसून शेंगदाणे भाजतेयस. चार दाणे आमच्या ताटात, चार राघूच्या वाटीत, आणि त्याचे जरा जास्तच खरपूस. मान वर करून तू म्हणतेस, "राघूला हळद लागली बघ. ह्या साली हिचं हात पिवळं हुनार." मी लाजते, तू हसतेस. खरंच त्या उन्हाळ्यात माझं जमलं आणि त्याचं सगळं श्रेय तू राघूला दिलंस, मध्यस्थ मामांना नाही. बक्षीस म्हणून त्याच्या वाटीत सूर्यफुलाच्या बिया वाढल्या. लग्नाच्या धांदलीत तू जेवत नव्हतीस. विचारलं की म्हणायचीस, "भूकच न्हाई बाई, कामानं पोट भरतंय." हळदीच्या दिवशी मावशी तुझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "आगं, तुजं डोळं पन पिवळं झाल्यात की." आणि लगेच तीच म्हणाली, "लगीनघरात हळद उडनारच." मांडवातल्या सगळ्या बायका हसल्या. सगळ्यात मोठ्यानं तू हसलीस. माझ्या पहिल्या दिवाळसणाला तू नव्हतीस. लिव्हर पार गेलं होतं, इतक्या उशिरा का आणलं, असं दवाखान्यात विचारत होते.

म्हणून शेजारीण गेल्यावर मी पिंजऱ्याला चादर गुंडाळली आणि एसटीत बसले. आता अहिल्यानगर म्हणायचं असतं, पण कंडक्टर नगर-नगरच ओरडतो. बायकांना हल्ली अर्धं तिकीट आहे. तो म्हणाला, "ताई, तुमचं हाफ. राघूचं फुल काढू का?" बऱ्याच दिवसांनी हसले असेन मी. पक्ष्यांचा डॉक्टर तरुण होता. आधी पोपट पाळायला बंदी आहे म्हणून बोलला, मग कायमचा मोडलेला पंख हातात घेऊन बघितला आणि तो विषय सोडला. "आमच्यात ह्याला हळद लागली म्हणतात," मी म्हणाले. तो हसला नाही.

"एखादं पीस रंग बदलतं, त्यात काही विशेष नसतं," तो म्हणाला. "पण पिवळं पसरतंय, चोच वाढतेय, फुगून बसतोय, म्हणजे बहुतेक लिव्हर. वर्षानुवर्षं नुसते शेंगदाणे आणि बिया." मी विचारलं, मग आधी का नाही दिसलं? "पक्षी दुखणं लपवतो. आजारी दिसला की घार उचलते, म्हणून शेवटपर्यंत ठणठणीत असल्यासारखा बसतो. त्याच्या दिसण्यावर जाऊ नका. रोज वजन करा, विष्ठा बघा."

येताना मला तुझा राग आला, आई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, चांगला संताप. पक्ष्याचं समजू शकते. तुला कोणती घार उचलणार होती? मग सुपा यायच्या आत कळलंही. तुझं दुखणं दिसलं असतं तर माझं लग्न थांबलं असतं. तीच घार.

आता मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्लास्टिकच्या डब्यात बसवून त्याचं वजन करते. मेथी, गाजर, शेवग्याचा पाला घालते, तो सगळं बाहेर फेकतो आणि शेंगदाण्यासाठी माझ्याकडे बघतो. खोड मोडायला वेळ लागेल, तेवढा वेळ त्याच्याकडे आहे का, माहीत नाही. पुढची पिसं हिरवी आली तर जिंकलो, असं डॉक्टर म्हणाला.

आणि माझंही जेवण कमी झालंय. लेक विचारते, मी म्हणते, काही नाही गं, दगदग. काल असं म्हणताना माझाच आवाज मला तुझ्यासारखा ऐकू आला. सकाळी हे पाळीवरून आले, बूटही काढले नव्हते, तर मी म्हणाले, "जरा माझे डोळे बघता का? पिवळे दिसतात का?" ह्यांनी डबा खाली ठेवला, मला दारात उजेडात नेलं, अंगठ्यानं पापणी ओढून बराच वेळ बघितलं. "पिवळं न्हाईत," हे म्हणाले, "लाल हायेत. झोपत जा जरा. आन् उद्या दवाखान्यात जाऊ, रक्त तपासून घिऊ."

हे पत्र कुठं टाकणार? पिंजऱ्यात अंथरायला रोज कागद लागतोच, तिथं जाईल. पण तुला एक सांगते. मला डोळे पिवळे झाल्यासारखे अजिबात वाटले नव्हते, आरशात तीनदा बघितलं होतं. कोणीतरी एकदा नीट बघावं, एवढंच हवं होतं.