सागवानी अक्षरं

मास्तर, माझ्या हातून झालेलं आधी सांगतो. सात मचवे (आठव्याचं शीड भावानं बसवलं, म्हणून तो धरत नाही), एकोणीस होड्या, तुमच्या शाळेचा दरवाजा आणि सागाच्या तुकड्यांतून कोरलेली अठ्ठेचाळीस अक्षरं. अक्षरं सगळ्यांत आधीची, अजून एका पेटीत जपलेली. ती कोरली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

तुम्ही ‘समुद्र’ म्हणालात की तो मला अख्खा ऐकू यायचा. त्यातला पहिला आवाज कोणता, असं विचारलंत की डोक्यात नुसता गलका. फळीवर टिचकी मारून आतली कीड ओळखणारा मी, पण शब्दाचा सांधा काही सापडत नसे. एकदा चार छड्या बसल्या, तेव्हा दिघीच्या खाडीवर होड्या बांधणारे माझे वडील शाळेच्या दारात उभे होते. म्हणाले, “मास्तर, मारून काय व्हनार न्हाय. हात चांगला हाय त्याचा.” तुम्ही छडी ठेवलीत आणि माझ्याकडे वळलात. “मग हातालाच शिकवू. सुतारा, उद्यापासून रोज एक अक्षर कोरून आण.”

मी डोळे मिटतो, खाचेतून बोट फिरवतो, मोठ्यानं आवाज काढतो, आणि अक्षर जागेवर थांबतं. बालबोध असा साधला. तिथं अक्षर दिलेल्या आवाजाला जागतं. एकमेकांत गुंतलेली मोडी पुढे मी एकट्यानं, दोन वर्षं घासून शिकलो. इंग्रजीनं मात्र हात टेकायला लावले. होडीच्या उजव्या अंगाचा नमुना पालथा घातला की डाव्या अंगाला बसतो, नमुना तोच. इंग्रजीत पालथं घातलं की अक्षरच दुसरं होतं, आणि आवाज तर दर शब्दाला निराळा.

दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी तुम्ही शब्द टाकून मुंबईच्या गोदीत माझी जागा ठरवलीत. मी दोन दिवसांत परत आलो. “कुणाची ताबेदारी करणार नाही,” म्हणालो. तुम्ही हसलात, “अरे शहाण्या, मला महिना पंचवीसच रुपये मिळतात!” मग हसू मावळलं. “माझा शब्द घालवलास.” पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. तोवर मी शाळेकडे फिरकलो नव्हतो.

गोदीत कारकुनानं कामाचा इंग्रजी कागद पुढे ठेवला आणि म्हणाला, “वाचा, मोठ्यानं.” मी त्याची घडी घालून परत दिली. एवढंच घडलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, “कोरून आण.”

हे पत्र शब्द-शब्द उच्चारत लिहिलं आहे. ते त्या अक्षरांच्या पेटीतच राहील. मी मानासाठी नव्हे, भीतीनं नाकारली ती जागा: मिस्त्रीची, राहायला खोली, महिना साठ रुपये.