लेन्स ठरली का?

४ फेब्रुवारी, सकाळ
बायको म्हणाली, आधी स्टुलावरून उतर. उतरलो नाही. स्वयंपाकघरातल्या टाइल्सचा आणखी एक फोटो घेतला. कोपऱ्यातल्या टाइल्स पुन्हा धूसर. दोष माझा नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सचा आहे. दिवसभर शोरूममध्ये टाइल्स विकतो, सरळ रेघ कशी असते ते मला कळतं.

पोर्ट्रेटसाठी प्राइम लेन्सच हवी. झूम होत नाही, एकाच मापाला बांधलेली, म्हणून शार्प. बायकोने विचारलं, झूम होत नाही म्हणजे बिघडलेली ना?

प्रश्न एवढाच, पन्नास मिलिमीटर की पंच्याऐंशी. निश्चय: रविवारपर्यंत ठरवायचं. पहिलं पोर्ट्रेट बाबांचं. सुरकुत्या चांगल्या आहेत.

४ फेब्रुवारी, संध्याकाळ
आई बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करायचं. आई आणखी बरंच सांगत होती, पण मी तेव्हा एका रिव्ह्यूच्या ऐन मध्यात होतो. मग बाबा जवळ येऊन बसले. म्हणाले, लेन्स ठरवायची आहे, तुझं त्यातलं वाचन चालू आहे असं सूनबाई म्हणाली. मी म्हणालो, दिवसरात्र तेच चाललंय. बाबा म्हणाले, मग तूच ठरव. डॉक्टर म्हणालेत, ठरली की कळवा.

डॉक्टरही फोटोग्राफीतले दिसतात.

बाबांनी माझ्या एखाद्या छंदात लक्ष घातल्याची ही पहिलीच वेळ. बासरी आणली होती तेव्हा नुसतं दार लावून घेतलं होतं.

१० फेब्रुवारी
रविवार गेला. पन्नास जवळजवळ ठरली होती, पण तिच्यात जवळून नाक मोठं दिसतं असं वाचलं. बाबांचं नाक बघून आलो. धोका पत्करणं शक्य नाही.

जेवताना बाबांनी विचारलं, ठरली का? म्हटलं, पंच्याऐंशीकडे झुकतोय. समजावून सांगितलं. समोरचं माणूस लख्ख, मागचं सगळं धूसर. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. विचारलं, मागचं म्हणजे किती मागचं? म्हटलं, समोर आई बसली तर तिच्या पापण्या मोजता येतील, मागची भिंत मात्र विरघळून जाईल. बाबा बराच वेळ आईकडे बघत राहिले. मग म्हणाले, भिंतीचं काय, तिला तसाही रंग द्यायचाय.

त्या मऊ धूसरपणाला आम्हा फोटोग्राफरांत बोके म्हणतात. आईला सांगितलं, पंच्याऐंशीचे बोके फार सुंदर आहेत. आई म्हणाली, एकही बोका घरात आणायचा नाही, दूध मला झाकत बसावं लागतं.

१५ फेब्रुवारी
बाबा जन्मभर शिंपीकाम करत आले. माझी नवी पँट त्यांनीच आखूड करून दिली. घालून कामावर गेलो. मालक म्हणाले, डावा पाय वर आलाय, कुठे पूर आलाय का? गिऱ्हाइकं हसली. घरी येऊन पाहिलं, डावीकडून चांगली चार बोटं कमी.

बाबांचं हल्ली कामात लक्ष नाही. वय झालं की माणूस असा होतो. पँट तशीच घालायची ठरवलं. मुलाने एवढं करावं.

२० फेब्रुवारी
ताईचा फोन. बाबांचं ऑपरेशन अडलंय कशासाठी? म्हटलं, मला काय माहीत, त्यांनाच घाई दिसत नाही. ताई म्हणाली, तू घरात असतोस की नुसता राहतोस? ताईला लहानपणापासून असं बोलायची सवय आहे.

संध्याकाळी नवी दिशा सापडली. वापरलेली पंच्याऐंशी मिळतेय. चहा घेताना बाबांना सांगितलं. बाबांनी विचारलं, वापरलेली म्हणजे कोणाची? म्हटलं, एक गृहस्थ आहेत, त्यांनी मोठी बसवली, ही काढून ठेवलीय. आत थोडी बुरशी आहे, पण ते पुसून देणार आहेत. आणि बुरशीने दिसण्यात म्हणे फारसा फरक पडत नाही.

बाबांचा कप बशीवर वाजला. आई उठून आत गेली. बाबा म्हणाले, अरे, तुझा बाप आहे मी. नवीच बघ.

गहिवरून आलं. पोराला कोणाची वापरलेली लेन्स नको, असं वाटणारा बाप किती जणांच्या नशिबी असतो?

निश्चय: नवीच. दोन-तीन दिवसांत.

२६ फेब्रुवारी
एक तिसरीच लेन्स मध्ये उपटली. एकशे पाच मिलिमीटर. पहिल्यापासून अभ्यास.

सकाळी खुंटीवरच्या माझ्या कोटाला बाबांनी विचारलं, ठरली का? कोट गप्प. बाबा त्याला म्हणाले, तू रागावू नकोस, मी आपलं सहज विचारलं. मी आतून ओरडून सांगितलं, या आठवड्यात नक्की. बाबा आवाजाकडे वळले आणि हसले. हसू पोर्ट्रेटच्या दृष्टीने उत्तम. हातात कॅमेरा नव्हता.

१ मार्च
बाबा जिन्यात पडले. शेवटची पायरी आहे हे त्यांना दिसलं नाही. ओठ फुटला, गुडघा सुजला. बायको रजा टाकून त्यांना घेऊन गेली, आधी ओठाला टाका, मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मला लेन्सच्या दुकानातली वेळ मिळाली होती, ती मोडणं बरं दिसलं नसतं.

पंच्याऐंशी घेतली! घरी येऊन खोका उघडतो तोच बायको समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, डॉक्टर विचारत होते, लेन्सचा एवढा अभ्यास करणारे चिरंजीव आले नाहीत का? मी म्हटलं, त्यांना माझ्याबद्दल कसं कळलं? ती म्हणाली, मोतीबिंदू काढला की डोळ्यात लेन्स बसवतात. त्या लेन्सबद्दल विचारत होते बाबा. महिनाभर. तू ठरवशील म्हणून थांबले होते. त्यांना वाटलं, तू त्यांच्या डोळ्यात बुरशी घालणार आहेस.

मी खोका बंद केला.

गैरसमज बाबांचा. मी डोळा हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. मात्र त्यांनी स्वतः निवड कशी केली ते ऐकून काळजी वाटली. डॉक्टरांनी विचारलं, लांबचं स्वच्छ दिसायला हवं की जवळचं? बाबा म्हणाले, जवळचं. सुई दिसली पाहिजे आणि ही. ही म्हणजे आई. झालं, ठरलं. एक रिव्ह्यू नाही, तुलना नाही. पण बायकोला विचारून घेतलं, लेन्स एकाच मापाची आहे. म्हणजे प्राइम.

शेवटी माझाच सल्ला कामी आला. हे मी कोणाला बोलून दाखवणार नाही.

४ मार्च
ऑपरेशन नीट झालं. बाबा डोळ्यावर पट्टी लावून खुर्चीत बसले. ऐतिहासिक क्षण, पोर्ट्रेट आजच. पंच्याऐंशीला खोली पुरेना. चेहऱ्याच्या जोडीला खांदे यावेत म्हणून मागे सरकत सरकत न्हाणीघरात पोचलो. बादलीत एक पाय. बाबा म्हणाले, कुठे गेलास? म्हटलं, इथेच आहे, हलू नका. ते म्हणाले, मी कुठे हलतोय, तूच चाललायस लांब लांब.

फोटो मोठा करून आणला. कान अप्रतिम शार्प. कानावरचा एकेक केस मोजता येतो. चेहरा किंचित मऊ, पण कान पाहिल्यावर कोणी तिकडे बघणार नाही. उद्या पट्टी निघाली की बाबांना पहिली गोष्ट हाच फोटो दाखवायचा.

५ मार्च, सकाळ
पट्टी काढली. बाबांनी आधी आईकडे पाहिलं, अगदी जवळ जाऊन. आई म्हणाली, इश्श, मुलं आहेत. मी फोटो पुढे केला. तो त्यांनी बाजूला ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत पाहत गेले. खाली येऊन थांबले. म्हणाले, ही पँट घालून तू इतके दिवस कामावर जातोयस? काढ.

आई म्हणाली, आज डोळ्यांना ताण नको. त्यांनी ऐकलं नाही. सुई स्वतः ओवली, पहिल्याच खेपेला. आत दुमडलेलं कापड सोडून डावा पाय खाली आणला. मी टॉवेल गुंडाळून बसलो होतो. शोरूममध्ये जायला उशीर झाला.