आवाज आला की चालू

मंगळवार, संध्याकाळी

कुणाला सांगणार? इथंच लिहितो.

दूध संस्थेच्या सूचना माझा थोरला भाऊ अण्णा आमच्या घराच्या पुढच्या सोप्यातनंच माईकवर सांगतो. कर्णे वर छपरावर. सांगून झालं की अ‍ॅम्प्लिफायर बंद करायला तो हमखास विसरायचा. म्हणून गेल्या आठवड्यात मीच सर्किट बसवलं. माईकवर आवाज आला की आपोआप चालू, दहा मिनिटं शांतता असली की बंद. चालू झाला की हिरवा दिवा. कुजबूजसुद्धा पकडेल इतकं नाजूक लावलं. केवढा मिरवलो!

आज भाकरी करपली म्हणून अण्णानं वहिनीला केसाला धरून सोप्यात ओढलं. पट्ट्याच्या पहिल्याच फटक्याला हिरवा दिवा लागला. तिची किंकाळी गावभर. "वरडतीस व्हय गं? वरड!" हेही गावभर. मग डोकं भिंतीवर आपटल्याचा आवाज.

मी आतल्या खोलीत. आठ वर्षं हे ऐकतोय, कधी जागचा हललो नाही. आज धावलो. वहिनीकडं? नाही. स्विचकडं. घराची अब्रू म्हणे!

हिरवा दिवा विझला. खिडकीतनं दिसत होतं, कोपऱ्यापर्यंत धावत आलेली माणसं थांबली आणि एकमेकांकडं बघून परत फिरली. अण्णानं ते बघितलं आणि पट्टा पुन्हा उचलला.

तो दमून बाहेर गेल्यावर मी तिला पाणी दिलं. तांब्यात रक्त पडलं. ती एवढंच म्हणाली, "बंद का केलासा, भावजी?"