चाळीस चावलेली बिस्किटं

दि. ९ जानेवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बावन्न वर्षांचा, चष्म्याच्या काचा घासून पोट भरणारा माझा धाकटा भाऊ दोनशे किलोमीटर सायकल मारायला निघाला आणि दुसऱ्यांदा कोबीच्या टेम्पोत बसून घरी आला, हे वाचून ऊर भरून आला. पहिल्या खेपेला निदान टोमॅटो होते. प्रगती म्हणावी की अधोगती, तूच ठरव.

फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो अक्का, हो अक्का’ म्हणतोस आणि आपलंच खरं करतोस. कागदावरचं निदान दोनदा वाचावं लागतं.

मला एकच कळत नाही. निघताना तुझ्याकडे बिस्किटांचे चार पुडे, सहा उकडलेले बटाटे आणि पिशवीभर खारे शेंगदाणे होते, असं तूच लिहितोस. मग एकशे साठाव्या किलोमीटरला तुझे पाय गळाठले कसे? बाटल्यांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं कँटीन चालवलं. माझ्या बटाट्या-बिस्किटांवर तीनशे माणसं भट्टीसमोर आठ-आठ तास उभी राहिली, एकही आडवा झाला नाही. तेव्हा बिस्किटाला नावं ठेवू नकोस. आणि तुझ्या सायकल मंडळातले लोक ते जेल की काय चोखतात, त्याच्या नादाला तर मुळीच लागू नकोस. शेंबडासारखं काहीतरी चांदीच्या पाकिटात भरायचं आणि त्याला ताकद म्हणायचं, ही अक्कल फार शिकलेल्यांनाच सुचते.

खरं काय झालं ते लिही. इकडे मी मजेत.

लोभ आहेच, तो वाढावा असं मात्र तू काही केलेलं नाहीस.

अक्का

दि. १७ जानेवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे लपवाछपवी चालत नाही, म्हणून सांगून टाकतो. खाणं पुरेसं होतं, पण ते माझ्या पोटात गेलं नाही.

आम्ही अकराजण होतो. पहिल्या शिक्क्याच्या ठिकाणी, म्हणजे जिथे कार्डावर वेळ टाकून देतात तिथे, मी पुडा उघडला. आईनं लावलेलं वळण तुला ठाऊक आहे. चारचौघांत पुडा उघडला की आधी फिरवायचा, मग आपण घ्यायचं. फिरवला. परत आला तेव्हा आत कागद आणि चुरा होता. पुढच्या तिन्ही पुड्यांची तीच गत. बटाटे आमच्यातल्या वकिलांनी संपवले, वर मीठ कमी आहे म्हणाले. शेंगदाणे कुणी खाल्ले ते कळलंच नाही.

आमच्यात एक दातांचा डॉक्टर आहे, तो सगळ्यांच्या पुढे असतो. त्याची सायकल माझ्या घरातल्या सगळ्या सामानापेक्षा भारी. जेलची पाकिटं तो कंबरेला काडतुसांसारखी लावतो आणि कुणाला एक देत नाही. बिस्किटाला ‘भुकेल्याची समजूत’ म्हणतो. माझ्या पुड्यातली पाच मात्र त्यानंच उचलली.

तू म्हणशील, नाही म्हणायला काय जीभ झडते? अक्का, मला नाही जमत. सुट्टीच्या दिवशी मालक बोलावतो, मी जातो. शेजारी शिडी नेतात, ती परत मागायला मी लाजतो. हे सायकलचं तेवढं एक काम मी कुणाच्या सांगण्यावरून करत नाही. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, बास. तेवीस फेब्रुवारीला पुन्हा आहे. त्यात जमलं नाही तर सायकल विकून टाकायची, असं मनाशी पक्कं केलंय. तीनदा तोंडावर आपटल्यावर माणसानं आपली पायरी ओळखावी.

लोभ असू दे, सध्या त्याची फार गरज आहे.

तुझा
टिल्लू

दि. १५ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आशीर्वाद.

वाचून कपाळावर हात मारला. काही माणसं आवळा देऊन कोहळा काढतात. तू कोहळा देतोस आणि आवळाही मागत नाहीस, वर तुझ्या कोहळ्यात मीठ कमी असतं. आईनं वाटून खा म्हटलं होतं रे, वाटून उपाशी मर असं नव्हतं म्हटलं.

पत्रासोबत डबा आहे. त्यात चाळीस बिस्किटं आहेत, कुठल्याही टपरीवर मिळतात ती, चहात बुडवायची. त्यातलं एकूण एक मी स्वतः चावलेलं आहे. दचकू नकोस, बरोबर वाचलंस. प्रत्येकाचा एक तुकडा तोडलाय. आता फिरव बघू डबा! बहिणीचं उष्टं परक्यापुढे धरण्याइतका तू निर्लज्ज नाहीस आणि ते घेण्याइतके तुझे वकील-डॉक्टर भुकेले नाहीत. बटाटे तू उकड आणि निघण्याआधी प्रत्येकाचा एकेक लचका तोडून ठेव. शेंगदाणे नेऊच नकोस, ते चावून ठेवता येत नाहीत.

दर वीस मिनिटांनी एक खायचं, भूक असो वा नसो. भूक लागली म्हणजे उशीर झाला. कँटीनची घंटा मी कामगारांच्या पोटाला विचारून वाजवत नव्हते.

सायकल विकायचं पुन्हा बोलू नकोस. विकलीस की रविवारीसुद्धा त्या मालकाच्या काचा घासत बसशील आणि एक दिवस घासूनघासून तूच आरपार दिसायला लागशील. एवढं एक तरी स्वतःसाठी पुरं कर.

डब्यावर जितका तितकाच माझ्यावर लोभ ठेव, म्हणजे दोन्ही वाटून टाकणार नाहीस.

अक्का

दि. २४ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. पहिल्या शिक्क्याला सवयीनं चार हात पुढे आले. मी बिस्कीट वर धरून दाखवलं, बहिणीनं चावलंय म्हणालो. हात गेले. वकिलांनी तर मला जंत झालेत का, अशी चौकशी केली. मी घड्याळ बघून खात राहिलो. एकशे साठ आलं तेव्हा पाय माझेच होते.

पाच किलोमीटर पुढे एका पाण्याच्या नळापाशी दातांचा डॉक्टर बसलेला दिसला. सायकल आडवी, चेहरा पांढरा. जेलनं पोट ढवळून दोनदा ओकला होता. पावणेपाच वाजत आले होते, साडेसातला मुदत संपत होती, पस्तीस किलोमीटर उरले होते, वारा समोरून होता आणि डब्यात आठ बिस्किटं होती. खोटं नाही लिहीत, मी त्याच्यापुढून निघून गेलो. वीसेक पावलांवर थांबलो. मागे आलो आणि डबा धरला. उष्टी आहेत हेही सांगितलं. तो म्हणाला की रोज वीस तोंडांत हात घालणाऱ्याला उष्ट्याचं काय सांगता.

तो सावकाश खात होता, मीही बसून राहिलो. सहा खाल्ली. सातवं हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि मग आठव्याशी ताडून पाहिलं. ही कुणी चावली, वय काय, असं विचारू लागला. म्हणाला, बिस्कीट माणूस पुढच्या दातांनी तोडतो, लहान पोरसुद्धा. ही सगळी तोंडाच्या एका कोपऱ्यानं, बाजूच्या दातांनी तोडलीत. यांचे पुढचे दात हलत असणार, आणि दुखतही असणार.

मला आधी रागच आला. माझ्या बहिणीच्या दातांवर बोलणारा हा कोण? मग नोव्हेंबर आठवला. मी आलो होतो तेव्हा तू पाव दुधात कुस्करून खात होतीस आणि पोट बिघडलंय म्हणालीस. सफरचंद मला कापून दिलंस, स्वतः फोडही घेतली नाहीस. काचेवरचा केसाएवढा ओरखडा मला दिसतो अक्का, आणि समोर बसलेली बहीण दिसली नाही. माझी मलाच लाज वाटली.

आणि तुझीही कमाल आहे. मला स्वतःचं बघायला शिकवतेस, आणि आपलं दुखणं ‘मजेत’ म्हणून दडपतेस! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तीन मार्चला सकाळी अकराची वेळ मी डॉक्टरकडे घेतली आहे. आदल्या दिवशी तुला न्यायला येतो. नाही म्हणायचं नाही. मालकालाही सांगितलंय, दोन दिवस येणार नाही.

डॉक्टर सावरल्यावर शेवटपर्यंत पुढे राहून वारा अंगावर घेत होता, मी त्याच्या आडोशानं आलो. चार मिनिटं राखून पोचलो.

लोभ एका बाजूनं चावू नये, ही विनंती.

तुझा
टिल्लू

दि. २७ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अ. उ. आशीर्वाद.

चार मिनिटं राखून पोचलास, आणि ते पत्राच्या तळाला एका ओळीत लिहितोस? मी उभ्या उभ्या तेवढीच ओळ तीनदा वाचली, मग शेजारणीला बोलावून तिलाही वाचून दाखवली. बाकीचं पत्र तिला दाखवलं नाही.

उष्टंसुद्धा वाटलंस. तुझ्यापुढे हात टेकले. त्या डॉक्टरानं वारा तरी अंगावर घेतला, म्हणजे सहा बिस्किटांची जाण त्याला आहे. पण माणसाला न बघता त्याच्या तोंडातलं सांगतो, हा आगाऊपणा मला आवडलेला नाही, आणि ते मी त्याला तोंडावर सांगणार आहे.

त्याचं म्हणणं खरं आहे. ऑक्टोबरपासून दोन दात हलताहेत. उपटतील आणि बोळकं घेऊन बाजारात जावं लागेल, एकतीस वर्षं ज्यांना दरडावलं ते कामगार हसतील, याची भीती वाटायची. म्हणून तुझ्याशी खोटं बोलले. ये, मी तयार राहते.

ती बिस्किटं चावायला मला दोन संध्याकाळी लागल्या. कोपऱ्यानं चावलं तरी कळ डोक्यापर्यंत जायची. पंचविसाव्याला वाटलं, पुरे झालं, उरलेली तशीच भरावीत, त्याला काय कळतंय. पण एक जरी न चावता ठेवलं असतं ना टिल्लू, तर तू ते नक्की कुणालातरी दिलं असतंस.

तुझ्यावर फार लोभ असलेली,

अक्का