सामाईक भिंतीतल्या दाराची व्यवस्था

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारी, वय वर्षे एकाहत्तर, राहणार गल्लीच्या टोकाचं बैठं घर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि माझ्याच हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत आहे. मला दुसऱ्यांच्या चौकशा करायची खोड आहे. दाखला देणाऱ्या बाईंनी ती आजारात धरलेली नाही.

१. घर, अंगण आणि बँकेतली शिल्लक माझ्या भावाच्या मुलीला मिळावी. मला मूलबाळ नाही, आणि न विचारता येऊन माझी जळमटं काढणारी तीच एक आहे.

२. माझी हत्यारं आणि सुट्या भागांचे डबे शिवणवर्गाच्या बाईंना द्यावेत. त्यांनी मशीन उघडण्याआधी ते चालवून ऐकावं. निम्मा बिघाड कानालाच कळतो.

३. आता भिंत. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची आणि माझी कुंपणभिंत बरोबर हद्दीच्या रेषेवर आहे. अर्धी जाडी त्यांची, अर्धी माझी. नियमाप्रमाणे ती पाच फुटांपर्यंत चालते, त्याहून वर न्यायची तर दोन्ही घरांची संमती लागते. डॉक्टरांची बायको वारली त्या वर्षी त्यांनी मला न विचारता भिंतीवर पत्रे चढवले. मग रोज संध्याकाळी पलीकडून आवाज यायचा: खरखर, धप्प, आणि बराच वेळ काही नाही. मी स्टुलावर चढले, तरी दिसेना. शेवटी नगरपालिकेत तक्रार केली. कारण उंचीचं दिलं. खरं कारण हेच, की मला राहवत नव्हतं.

निरीक्षक आले, टेप लावली आणि पत्रे उतरवायला सांगून गेले. डॉक्टरांनी ते मुकाट्याने उतरवले. दुसऱ्या संध्याकाळी मला दिसलं, की पन्नाशी उलटलेले डॉक्टर बायकोच्या सायकलवर बसायला शिकत आहेत. दोन्ही कोपरं सोललेली. बायको त्याच सायकलवरून कामाला जायची.

मी म्हटलं, "डॉक्टर, चेन ढिली आहे."

ते म्हणाले, "मला वाटलं, मीच ढिला आहे."

चेन आवळायला मला अख्ख्या गल्लीला वळसा घालून जावं लागलं. मग ब्रेक, मग सीट. पुढे त्यांना सायकल आली, तरी काही ना काही बिघडत राहिलं. काही बिघाड ते स्वतः करत असावेत, असा मला संशय आहे. अखेर आम्ही दोघांनी अर्जावर सह्या करून भिंतीत दार पाडलं.

४. माझ्या दिरांना हे रुचलं नाही. "वहिनी, भिंत कशासाठी असते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नियमात बसण्यासाठी, भाऊजी." ते महिनाभर बोलले नाहीत आणि दार बेकायदेशीर असल्याचा अर्ज देऊन आले. त्यांना माझ्या दिवंगत नवऱ्याचं भिंतीवरचं घड्याळ द्यावं. ते थोडं पुढे आहे. तसंच राहू द्यावं, भाऊजींना सगळीकडे उशीर होतो.

५. त्या अर्जामुळे एक गोष्ट मात्र कळली. नगरपालिकेतल्या बाई म्हणाल्या, "दार चालेल. पण संमती तुमची आहे, घराची नाही. तुमच्यानंतरचा मालक ते बुजवू शकतो." तेव्हापासून मला झोप नीट लागेना. डॉक्टरांना आता कमी दिसतं. गल्लीचा वळसा त्यांना झेपणार नाही आणि संध्याकाळी ते माझ्या अंगणातल्या बाकावरच बसतात.

म्हणून दाराच्या जागेतली भिंतीची माझी अर्धी जाडी, चौकट आणि कडीसकट, मी डॉक्टरांच्या नावे करते. बाकावर बसण्याचा हक्कही त्यांना हयातभर राहील, मी नसले तरी. भाचीला आधी विचारलं आहे. ती म्हणाली, "आत्या, बाक तर त्यांचाच आहे."

साक्षीदार म्हणून मला डॉक्टरच हवे होते. पण ज्याला काही मिळायचं असतं त्याने साक्ष घालायची नसते, असं वकीलबाईंनी सांगितलं. त्यामुळे ते दारात उभे राहून मघापासून विचारत आहेत, "एवढं काय लिहिताय?" मी सांगितलेलं नाही. आयुष्यभर मी भिंतीपलीकडे डोकावले. आता जरा त्यांनाही उत्सुकता लागू दे.

ठिकाण: राहत्या घरी, अंगणात
दिनांक: ९ फेब्रुवारी
लिहून ठेवणार: (सही) मशीनवाली

आमच्यासमोर सही केली:
१. (सही) समोरची औषधवाली
२. (सही) निवृत्त पोस्टमन